विकीच्या पानाची दुसरी बाजू

ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक वेगळीच याचिका आली. आयुर्वेदिक औषधे बनवणाऱ्यांच्या एका संघटनेची तक्रार होती की, इंग्रजी विकिपीडियावरच्या आयुर्वेदाच्या लेखात या शास्त्राची बदनामी केली आहे. लेखात आयुर्वेदाचा उल्लेख छद्मविज्ञान असा होता आणि संघटनेचा त्याला आक्षेप होता. न्यायालयाने याचिका दाखल करून घेतली नाही. दाद मागण्याचे इतर मार्ग मोकळे आहेत, असे सांगतानाच खंडपीठाने आणखी एक गोष्ट सुचवली. तो लेख तुम्हाला स्वतःलाही संपादित करता येईल!

वर्तमानपत्रातल्या लेखाबद्दल, रुग्णालयाच्या वेबसाइटबद्दल किंवा सरकारी खात्याच्या पानाबद्दल कोणी असे म्हणणार नाही. तिथे मजकुराला मालक असतो आणि चूक त्यानेच दुरुस्त करायची असते. विकीच्या बाबतीत ही सूचना खरी होती. खरी, पण अर्धीच. कारण आयुर्वेदाच्या त्या लेखात बदल करून पाहणारे त्याआधीही कमी नव्हते. त्यातले बरेचसे बदल टिकले नाहीत. ते का टिकले नाहीत, याच्या उत्तरात विकी आणि इतर वेबसाइट यांतला फरक दडलेला आहे. तो समजून घेण्याची गरज आता सगळ्यांनाच आहे. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, चिठ्ठीवर औषध लिहिले किंवा रक्ताच्या अहवालात अनोळखी शब्द दिसला की, घरातले कोणीतरी मोबाइल उघडते आणि शोधाच्या पहिल्या काही दुव्यांत विकिपीडियाचे पान असतेच.

माहिती देणाऱ्या बहुतेक वेबसाइटची रीत छापील पुस्तकासारखी असते. आधी तपासणी, मग प्रकाशन. मराठी विश्वकोशाचे काम वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली असेच चालले. विषयाचा जाणकार नोंद लिहिणार, संपादक ती तपासणार, भाषा आणि परिभाषा एकसारखी होणार आणि मगच ती छापली जाणार. पहिला खंड १९७६ साली आला. विश्वकोश पुढे इंटरनेटवर आला तरी त्याची शिस्त तीच राहिली. दार पुढे आहे आणि दारावर माणूस आहे.

विकिपीडियाही आधी असाच व्हायचा होता. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी २००० साली ‘न्यूपीडिया’ नावाचा मोफत ज्ञानकोश सुरू केला. तज्ज्ञांनी लिहायचे आणि प्रत्येक लेखाने तपासणीचे सात टप्पे पार करायचे, असा नियम होता. पहिल्या वर्षात जेमतेम वीस-एकवीस लेख या चाळणीतून बाहेर पडले. कच्चे लेख पटापट तयार व्हावेत म्हणून शेजारी एक विकी उघडावी, असे ठरले आणि १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला. मदतनीस म्हणून आणलेल्या या उपक्रमाने वर्षभरात हजारो लेखांचा पल्ला गाठला. न्यूपीडिया काही काळाने बंद पडला.

विकी ही कल्पना मात्र त्यांची नव्हती. ती अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरची. प्रोग्रॅम लिहिताना पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी आणि त्यावरचे तोडगे सहकाऱ्यांनी एके ठिकाणी नोंदवावेत, अशी त्याची इच्छा होती. प्रत्येकाने आपला मजकूर ई-मेलने पाठवायचा आणि कोणी एकाने तो पानावर चढवायचा, यात वेळ जात होता. म्हणून २५ मार्च १९९५ रोजी त्याने अशी वेबसाइट सुरू केली, जिच्या प्रत्येक पानावरच ते पान बदलण्याची सोय होती. नाव ठेवले ‘विकीविकीवेब’. होनोलुलूच्या विमानतळावर एका टर्मिनलवरून दुसरीकडे नेणारी ‘विकी विकी’ नावाची बस त्याला आठवली होती. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे लवकर. आपण पटपट, झटपट म्हणतो तसेच ते ‘विकी विकी’.

त्या पहिल्या विकीत एक छोटी गंमत होती, ती आजही टिकून आहे. अजून अस्तित्वातच नसलेल्या पानाचा दुवाही तिथे देता येत असे. विकिपीडियावर असे दुवे लाल रंगात दिसतात. दुसऱ्या कोणत्याही वेबसाइटवर मोडका दुवा ही लाजेची गोष्ट असते. विकीत मात्र लाल दुवा म्हणजे उघड आमंत्रण असते. इथे एक लेख हवा आहे, तुम्हाला येत असेल तर लिहा.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते आणि त्यावरून एक निष्कर्षही ठरलेला असतो. कोणीही काहीही लिहू शकतो, तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा? हा प्रश्न रास्त आहे. पण कोणीही लिहू शकतो ही विकीची खासियत म्हणावी, तर व्हॉट्सॲपच्या गटातही कोणीही लिहू शकतो. कारल्याच्या रसाने मधुमेह कायमचा जातो, हा निरोप तिथे रोज कोणीतरी पुढे ढकलतच असतो. तो मूळ कोणी लिहिला, त्यात मध्ये काय बदलले, कोणी हरकत घेतली होती का, यातले काहीच त्या निरोपासोबत येत नाही.

विकीच्या पानासोबत ते सगळे येते. पानाच्या वरच्या बाजूला ‘इतिहास पहा’ असे लिहिलेले असते, मोबाइलवर ते थोडे आत दडलेले असते. तिथे गेले की त्या पानात पहिल्या दिवसापासून झालेला एकेक बदल तारीख, वेळ आणि बदल करणाऱ्याच्या सदस्यनामासह ओळीने दिसतो. कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून कोणता शब्द गेला आणि कोणता आला, हे पाहता येते. (फार घातक किंवा बदनामीकारक मजकूर जबाबदार सदस्य इतिहासातूनही झाकतात, पण तो अपवाद.) कनिंगहॅमच्या सुरुवातीच्या विकीत इतका पुरा इतिहास नव्हता, ही सोय नंतरच्या सॉफ्टवेअरने आणली. तीच विकीला तारून गेली असे म्हणायला हरकत नाही. कारण यामुळे पान बिघडवण्यापेक्षा ते पूर्ववत करणे सोपे झाले. बिघडवणाऱ्याला टाइप करावे लागते, सुधारणाऱ्याला एक बटण पुरते. इंग्रजी विकिपीडियावर शिवीगाळ किंवा मजकूर पुसून टाकणे असले उघड उद्योग ‘क्लूबॉट’सारखे स्वयंचलित प्रोग्रॅम बऱ्याचदा मिनिटभराच्या आतच परतवून लावतात.

इतिहासाशेजारी ‘चर्चा’ नावाचे पान असते. मतभेद तिथे निस्तरायचे, अशी रीत आहे. आयुर्वेदाच्या इंग्रजी लेखाचे चर्चापान उघडले तर वर्षानुवर्षांचे वाद तिथे साठवलेले दिसतात. ज्यांना लेख पटत नाही ते म्हणतात, हजारो वर्षांची परंपरा आहे, कोट्यवधी लोक उपचार घेतात, सरकारचे स्वतंत्र मंत्रालय आहे. समोरचे विचारतात, अमुक उपचाराने अमुक आजार बरा होतो असे दाखवणारा संदर्भ द्या. विकिपीडियावर वैद्यकीय दाव्यासाठी संदर्भ कोणता चालतो, याचा नियम बराच कडक आहे. एखाद्या प्रयोगशाळेतला प्रयोग, उंदरांवरची चाचणी, वर्तमानपत्रातली बातमी किंवा कंपनीचे पत्रक पुरत नाही. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा, मान्यवर संस्थांची मार्गदर्शक तत्त्वे, वैद्यकाची प्रमाण पुस्तके असे काही लागते. तसा संदर्भ नसलेला बदल आला की तो परतवला जातो. पुन्हा पुन्हा तसेच होत राहिले तर पान नव्या सदस्यांसाठी काही काळ बंद केले जाते.

न्यायालयाची सूचना अर्धीच का ठरते, ते इथे दिसते. दार उघडे आहे, पण आत लिहिलेले टिकवायचे तर पुरावा लागतो आणि तो पुरावा पुरेसा आहे की नाही, हे तिथल्या इतर सदस्यांना पटावे लागते. तपासणी इथेही आहेच, फक्त ती प्रकाशनानंतर होते, कायम चालू राहते आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होते. निकाल आवडो वा न आवडो, तो कसा लागला हे वाचता येते. ‘छद्मविज्ञान’ हा शब्द योग्य की अयोग्य, याबद्दल दुमत असू शकते. पण तो शब्द कोणत्या संदर्भांच्या आधारे ठेवला आणि कोणी काय हरकत घेतली, हे कुठल्याही रुग्णालयाच्या किंवा औषध कंपनीच्या वेबसाइटवर कळण्याची सोय नाही.

आरोग्याच्या लेखांत अशी माणसे कुठून येतात? कॅनडातले डॉ. जेम्स हाइलमन हे तातडीच्या विभागात काम करणारे डॉक्टर. एका रात्रपाळीत फारसे रुग्ण नव्हते, म्हणून त्यांनी विकिपीडियावरचा स्थूलतेचा लेख वाचला. तो चुकांनी भरलेला होता. त्या आपल्याला दुरुस्त करता येतात हे लक्षात आल्यावर ते तिथेच गुंतले आणि पुढे वैद्यकीय लेख सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांतले आघाडीचे नाव झाले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मिळून घडवलेला डेंग्यूवरचा लेख तज्ज्ञांच्या रीतसर तपासणीनंतर २०१४ साली ‘ओपन मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. करोनाच्या काळात इंग्रजी विकिपीडियावर या साथीचा लेख जानेवारी २०२० च्या पहिल्या आठवड्यातच सुरू झाला होता, तेव्हा आजाराला नावही मिळालेले नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली चित्रे, तक्ते आणि चित्रफिती विकिपीडियासाठी खुल्या करण्याचा करार केला.

वैद्यकीय लेखांचा आणखी एक संकेत घरोघरच्या वाचकांना उपयोगाचा आहे. औषधाच्या लेखात साधारणपणे मात्रा दिलेली नसते. किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, हे तिथे शोधू नये आणि कोणी घुसडलेले दिसले तर त्यावर अजिबात विसंबू नये. कोणीतरी आकड्यातला एक शून्य वाढवला आणि तो दहा मिनिटे जरी तसाच राहिला, तरी तेवढ्यात वाचणाऱ्याला ते फार महागात पडू शकते. नंतरच्या तपासणीला ही मर्यादा आहेच. चूक दुरुस्त होईल हे खरे, पण आपण वाचतो आहोत त्या क्षणी ती झालेली असेलच असे नाही.

किती वेळ जाऊ शकतो, याची उदाहरणे बोलकी आहेत. मे २००५ मध्ये कोणीतरी गंमत म्हणून अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार जॉन सीगेनथॉलर यांच्या लेखात, केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता, असे लिहिले. ते चार महिन्यांहून अधिक काळ तसेच राहिले. त्या प्रकरणानंतर इंग्रजी विकिपीडियाने नवे पान तयार करण्यासाठी खाते उघडणे सक्तीचे केले. २००८ साली एका विद्यार्थ्याने कोआटी या दक्षिण अमेरिकेतल्या प्राण्याच्या लेखात ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असे स्वतः रचलेले नाव घुसडले. काही वर्तमानपत्रांनी ते तिथून उचलले आणि मग त्याच वर्तमानपत्रांचे संदर्भ त्या नावाला जोडले गेले. थाप सुमारे सहा वर्षे टिकली. संदर्भ दिलेला आहे म्हणजे तो मजकुराच्या आधीचा आहे, असे धरून चालत नाही.

औषधांच्या बाबतीत एक चांगला अभ्यास झालेला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ आणि २०१२ या वर्षांत ज्या औषधांबद्दल धोक्याचे नवे इशारे दिले, त्यातल्या २२ औषधांची विकिपीडियावरची पाने संशोधकांनी तपासली. त्यांचे निष्कर्ष २०१४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. ४१ टक्के पानांवर दोन आठवड्यांच्या आत इशारा नोंदवला गेला होता. ३६ टक्के पानांवर एक वर्ष उलटून गेल्यावरही त्याचा पत्ता नव्हता. ज्या आजारांचे रुग्ण जास्त, त्यांच्या औषधांची पाने लवकर सुधारली होती. म्हणजे ज्या पानाकडे पुष्कळांचे लक्ष, ते पान सुदृढ. कोपऱ्यातले पान आजारी.

‘नेचर’ने डिसेंबर २००५ मध्ये विज्ञानविषयक ४२ लेखांची तुलना करून विकिपीडियात १६२ आणि ब्रिटानिकात १२३ चुका मोजल्या होत्या. ब्रिटानिकाने त्या पद्धतीवर कडाडून टीका केली. तो वाद आता जुना झाला. पण तेव्हापासून ‘विकिपीडिया ब्रिटानिकाइतकाच चांगला’ असे सरसकट म्हणण्याची जी सवय लागली, ती फसवी आहे. विकिपीडियाचे सगळे लेख मिळून एक दर्जा नसतो. विश्वकोशाची एक नोंद चांगली असेल तर शेजारचीही बहुधा तशीच असते, कारण दोन्ही एकाच हाताखालून गेलेल्या असतात. विकीत तसे काही गृहीत धरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेच जानेवारी २०२३ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात, अनेकांनी मिळून लिहिलेल्या अशा स्रोतांवर निकालासाठी भिस्त ठेवू नये, असा इशारा दिला होता. तीन महिन्यांपूर्वीच्या सूचनेशी त्याचा विरोध आहे असे वाटेल, पण तसा तो नाही.

लक्ष ठेवणाऱ्यांची संख्या हा मुद्दा मराठी वाचकाला अधिक जवळचा आहे. स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेतल्या विकिपीडियाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तिथले हजारो लेख ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकी किशोराने, इंग्रजी शब्दांना तोडकेमोडके स्कॉट्स रूप देत, वर्षानुवर्षे लिहिले होते आणि ऑगस्ट २०२० पर्यंत त्याचा फारसा गवगवा झाला नव्हता. इतिहासाच्या यादीत सगळे दिसत होते, पण ती यादी बघायला भाषा जाणणारी माणसेच नव्हती. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. त्याचे लेख आता एक लाखाच्या आसपास आहेत आणि तो इतका ओसाड नक्कीच नाही. तरी नियमित संपादन करणारे मोजके आणि त्यात वैद्यकीय विषय तपासणारे आणखी मोजके. एखाद्या आजाराच्या मराठी पानावर दोनच परिच्छेद असतात, कुठे ‘संदर्भ हवा’ अशी खूण असते, कुठे तीही नसते. इंग्रजी लेख वर्षानुवर्षे सुधारत जातो आणि त्याचे जुने भाषांतर मराठीत जसेच्या तसे राहते. विकिपीडिया विश्वासार्ह आहे, हे वाक्य एका भाषेबद्दल ऐकून दुसऱ्या भाषेला लावणे म्हणूनच धोक्याचे.

नावातल्या ‘विकी’वरूनही फसू नये, हे जाता जाता. गुप्त कागदपत्रे उघड करणाऱ्या विकिलीक्सचा आणि विकिपीडियाचा काही संबंध नाही आणि तिथला मजकूर वाचकांना बदलताही येत नाही. उलट अनेक कंपन्यांत आणि संशोधन संस्थांत कामाच्या पद्धती नोंदवण्यासाठी विकी वापरतात. त्या बाहेरच्यांना दिसतही नाहीत, तरी त्या खऱ्या विकी असतात. पान वाचणाऱ्यालाच ते बदलता येते का आणि बदलाची नोंद राहते का, एवढे पाहिले की पुरते.

हल्ली एक नवी अडचण आली आहे. शोध घेतला की सगळ्यात वर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले चार ओळींचे उत्तर येते. अशी उत्तरे देणाऱ्या यंत्रणा विकिपीडियाच्या मजकुरावरच मोठ्या प्रमाणात पोसलेल्या आहेत. पण त्या चार ओळींना ना इतिहास असतो, ना चर्चापान. मूळ पानावर ‘संदर्भ हवा’ असे लिहिले होते की नाही, हे उत्तरात उतरेलच असे नाही. दुव्यावर बोट ठेवून मूळ पानापर्यंत जाण्याचा कंटाळा आजाराच्या बाबतीत तरी करू नये.

आणि पानावर पोहोचल्यावर पाहायचे ते फार थोडे असते. लेखाच्या तळाशी शेवटचा बदल केव्हा झाला ते लिहिलेले असते. संदर्भांची यादी तिथेच असते. ती आढावे आणि मार्गदर्शक तत्त्वांची आहे की बातम्या आणि जाहिरातींची, हे नुसत्या नावांवरून कळते. इतिहासात गेल्या वर्षभरात पाच-दहा वेगवेगळ्या सदस्यांनी हात लावलेला दिसला, तर लेखावर लक्ष आहे. एकाच नावाने एकाच दिवशी सगळे लिहिले आणि नंतर कोणी फिरकले नाही, तर ते पान एका अनोळखी माणसाच्या वहीसारखे वाचावे. त्यातून पडलेले प्रश्न मात्र कागदावर उतरवून पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर जरूर ठेवावेत. डॉक्टरांना तेच मराठी पान चुकीचे वाटले, तर ‘संपादन’ हे बटण त्यांच्याही मोबाइलवर आहे.